ठकीचं पथ्य

आमची मांजर ठकी तेरा वर्षांची आहे. लालबागच्या जुन्या चाळीत जिन्याखाली जन्मली, चाळ पुनर्विकासाला गेली तेव्हा आमच्याबरोबर भाड्याच्या घरात राहिली आणि टॉवर उभा राहिल्यावर लिफ्टने अकराव्या मजल्यावर आली. लहानपणी तिचं पिल्लं न होण्याचं ऑपरेशन परळच्या बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालयात झालं. १८८३ साली सुरू झालेल्या त्या दवाखान्याला आमच्या भागात अजूनही बैलघोडा हॉस्पिटलच म्हणतात. त्यानंतर दरवर्षीची लस सोडली तर तिला डॉक्टरांची फारशी गरज पडली नव्हती.

मागच्या उन्हाळ्यात ती पाणी जास्त प्यायला लागली. वाटीतलं पाणी तिला कधीच पसंत नसतं. बाथरूममधल्या बादलीच्या काठावर पुढचे पाय टेकून ती पिते, आणि तिचं ते पिणं आता संपता संपत नव्हतं. तिच्या लिटरच्या ट्रेमध्ये ओल्या मातीचे गोळे मोठे होऊ लागले. वजन ३.९ किलोवरून ३.४ वर आलं होतं. अर्धा किलो म्हणजे तिच्या वजनाचा आठवा हिस्सा, पण केसांमुळे तो डोळ्यांना दिसत नाही. उचलताना हाताला पाठीचे मणके लागायला लागले, तेव्हा तिला घेऊन डॉक्टरांकडे गेले.

रक्ताच्या रिपोर्टमध्ये मूत्रपिंडांचं काम दाखवणारे दोन आकडे वाढलेले होते, क्रिएटिनिन २.१ आणि एसडीएमए १९. फॉस्फरस ४.९. लघवीची घनता १.०१८ आली. मांजर हा मूळचा कोरड्या मुलखातला प्राणी, त्याची लघवी चांगली दाट असते. निरोगी मांजराची घनता बहुधा १.०३५ च्या वर जाते. ठकीची मूत्रपिंडं पाणी धरून ठेवू शकत नव्हती, म्हणून तिची तहान वाढली होती. काही आठवड्यांनी डॉक्टरांनी पुन्हा रक्त काढलं. आकडे जवळपास तिथेच होते, तेव्हा त्यांनी निदान पक्कं केलं. जगभरचे पशुवैद्य मांजरांच्या मूत्रपिंडाच्या आजाराचे चार टप्पे मानतात आणि क्रिएटिनिन १.६ ते २.८ असेल तर तो दुसरा टप्पा. "म्हणजे लवकर कळलं," डॉक्टर म्हणाले. मग लगेच म्हणाले, "लवकर म्हणजे तरी काय, क्रिएटिनिन वाढेपर्यंत मूत्रपिंडांची पाऊण ताकद गेलेली असते. ती परत येणार नाही. उरलेली टिकवायची आहे, आणि ते काम मुख्यतः तिच्या खाण्यातून करायचं आहे."

मी वही उघडून बसले होते. त्यांनी आता एखाद्या पाकिटाचं नाव लिहून द्यावं, मी ते घ्यावं आणि घरी जावं, अशी माझी अपेक्षा. त्यांनी सांगितलं ते वेगळंच. "आज काहीच बदलू नका. आधी तिचं तोंड बघू, बीपी बघू, थायरॉइड बघू."

याची कारणं मला नंतर पटत गेली. म्हाताऱ्या मांजराचे दात आणि हिरड्या दुखत असतील, तर ते चांगल्यातलं चांगलं अन्नसुद्धा टाकतं आणि आपण दोष अन्नाला देतो. थायरॉइड वाढलेलं असेल तर मांजर भरपूर खाऊनही वाळतं, आणि त्या आजारात मूत्रपिंडांचा बिघाड रक्ताच्या तपासणीत झाकला जाऊ शकतो. बीपी १६० च्या वर गेलं की डोळे, मेंदू, हृदय आणि मूत्रपिंडं सगळ्यांनाच धोका. ठकीचं थायरॉइड ठीक निघालं, बीपी १५० च्या आसपास, लघवीतून प्रथिनं जात नव्हती. एक दाढ मात्र किडलेली होती. मूत्रपिंडं अशी असताना भूल देणं जपून करावं लागतं, म्हणून सलाइन लावून, आधी-नंतर रक्त तपासून ती काढली. दाढ निघाल्यावर तिची भूक आपोआप थोडी सुधारली. नव्या अन्नाला हात लावायच्या आत झालेला हा पहिला फायदा.

घरी मात्र प्रत्येकाचं मत तयार होतं. सासूबाई मालवणच्या. ठकीला त्यांनीच वाढवलं, ते मांदेली, पेडवे, बांगड्याची डोकी आणि भाताच्या कालवणावर. "जन्मभर मासळी खाल्लेली ती, आता म्हातारपणी तिला दाणे चावायला लावतेस होय गं?" हा त्यांचा पहिला प्रश्न. शेजारच्या काकूंचं म्हणणं नेमकं उलटं. मूत्रपिंडाला मांस वाईट, तिला दूध-भातावर ठेवा, पुनर्नव्याचा काढा द्या. नवरा म्हणाला, "सगळ्यात महाग जे असेल ते आणूया." तिघांचाही हेतू चांगला होता आणि तिघांचंही मी डॉक्टरांपुढे मांडलं.

काढ्याला त्यांनी साफ नाही म्हटलं. माणसाला चालणारी अनेक औषधं मांजराच्या यकृताला पचवता येत नाहीत. साधी पॅरासिटामॉलची गोळी त्याचा जीव घेऊ शकते. जे मांजरांवर तपासलेलं नाही ते मूत्रपिंडं अधू असताना द्यायचं नाही. शाकाहाराचा प्रश्नच नव्हता. मांजर पूर्ण मांसाहारी प्राणी आहे, टॉरिनसारखी द्रव्यं त्याला मांसातूनच मिळवावी लागतात. ती मिळाली नाहीत तर डोळे आणि हृदय दोन्ही जातात. दुधात फॉस्फरस असतो, आणि बऱ्याच मोठ्या मांजरांना ते पचतही नाही.

सासूबाईंच्या मासळीबद्दल ते जरा थांबून बोलले. मासळी हे वाईट अन्न नाही, पण मांदेली-पेडवे काट्यासकट खाल्ले जातात आणि काटा म्हणजे फॉस्फरसचं कोठार. सुकट आणि जवळा यांत त्याशिवाय मीठ. कालवणात कांदा-लसूण, आणि ते मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. अधू मूत्रपिंडांना फॉस्फरस बाहेर टाकता येत नाही. तो रक्तात साठतो, त्याला तोंड देताना शरीराच्या संप्रेरकांचा तोल जातो आणि मूत्रपिंडं आणखी लवकर झिजतात. दुसऱ्या टप्प्यातल्या मांजराचा फॉस्फरस ४.६ च्या खाली ठेवायचा असतो. ठकीचा ४.९ होता.

मग त्यांनी माझ्या वहीत चार ओळी लिहून दिल्या, आणि पुढचं सगळं मी त्या चार ओळींवर तोलून पाहिलं. पहिली ओळ, तिनं रोज पोटभर खाल्लं पाहिजे. दुसरी, अन्नातून जास्तीत जास्त पाणी गेलं पाहिजे. तिसरी, फॉस्फरस कमी. चौथी, प्रथिनं चांगल्या प्रतीची, बेताची, पण फार कमी नकोत. "हाच क्रम," असं म्हणून त्यांनी पहिल्या ओळीखाली रेघ मारली.

चौथ्या ओळीचं मला आश्चर्य वाटलं. मूत्रपिंड म्हटलं की प्रथिनं बंद, अशी आपल्याकडची समजूत. माझ्या वडिलांना तेच सांगितलं होतं. पण म्हातारी मांजरं स्नायू फार लवकर गमावतात आणि त्यांची प्रथिनांची गरज वयाबरोबर वाढते. आजाराच्या सुरुवातीला प्रथिनं किती कमी करावीत यावर पशुवैद्यांतही एकमत नाही. फॉस्फरस कमी करण्याबद्दल मात्र वाद नाही. किडनीच्या अन्नात प्रथिनं थोडी कमी दिसतात, त्याचं एक कारण असं की मांस कमी केल्याशिवाय फॉस्फरस फारसा कमी करता येत नाही.

आता पाकिटं. किडनीच्या मांजरांसाठी वेगळं अन्न मिळतं. आपल्याकडे रॉयल कॅनिन, हिल्स, फार्मिना यांचं मिळतं, आणि ते डॉक्टरांच्या सल्ल्यानंच द्यायचं असतं. त्यात फॉस्फरस आणि मीठ कमी, पोटॅशियम आणि माशाच्या तेलातलं ओमेगा-३ जास्त, पाण्याबरोबर वाहून जाणारी ब गटातली जीवनसत्त्वं भरून दिलेली आणि रक्तातलं आम्ल वाढू नये अशी योजना असते. अमेरिकेत दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्यातल्या ४५ मांजरांवर दोन वर्षं झालेला एक अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. साधं अन्न खाणाऱ्या गटातल्या सुमारे चौथ्या हिश्शाच्या मांजरांना रक्तात विष साचण्याचे झटके आले, किडनीचं अन्न खाणाऱ्या गटात एकालाही नाही. औषधांनी भरलेल्या या क्षेत्रात एवढा स्पष्ट फरक फार थोड्या गोष्टींनी पडतो, असं डॉक्टर म्हणाले.

तरीही मला साध्या अन्नाची पाकिटं वाचायची होती. ठकीनं किडनीचं अन्न तोंडात घेतलंच नाही तर पर्याय हाताशी हवा होता. एका रविवारी जेवणाच्या टेबलावर पाकिटं मांडून बसले. एका पाउचवर लिहिलेलं, प्रथिनं ९ टक्के, पाणी ८२ टक्के. दाण्यांच्या पिशवीवर, प्रथिनं ३२ टक्के, पाणी १० टक्के. नवऱ्यानं लगेच निकाल दिला, "पाउच घे, प्रथिनं कमी आहेत." पण पाणी वगळलं की हिशेब फिरतो. पाउचमध्ये शंभर ग्रॅमला १८ ग्रॅमच कोरडा ऐवज, त्यातले ९ प्रथिनांचे, म्हणजे पन्नास टक्के. दाण्यांत ९० ग्रॅम कोरडा ऐवज, त्यातले ३२, म्हणजे पस्तीस टक्क्यांच्या थोडं वर. कमी वाटणारं पाउच प्रत्यक्षात जास्त प्रथिनांचं होतं. तेव्हापासून आमच्याकडे कुठलंही पाकीट आलं की आधी शंभरातून पाण्याचा आकडा वजा होतो आणि मग बाकीचं वाचलं जातं.

फॉस्फरसचा आकडा तर बऱ्याच पाकिटांवर नसतोच. मी एका कंपनीला ईमेल पाठवून विचारलं. उत्तरात एक टक्केवारी आली, पण ती ओल्या अन्नाची की कोरड्या ऐवजाची हे लिहिलेलं नव्हतं. पुन्हा विचारल्यावर नुसती माहितीपत्रिका आली, त्यात माझ्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. तो पर्याय मी खोडला. किडनीच्या अन्नात फॉस्फरस कोरड्या ऐवजाच्या साधारण ०.३ ते ०.६ टक्के असतो. साध्या अन्नात तो एक टक्क्याच्या वर सहज जातो. शिवाय घटकांच्या यादीत सोडियम फॉस्फेट किंवा फॉस्फोरिक आम्ल अशी नावं असतील तर तो फॉस्फरस वेगळा घातलेला असतो. मांसातल्या फॉस्फरसपेक्षा तो अंगात जास्त मुरतो आणि मूत्रपिंडांना जास्त त्रास देतो. बारीक अक्षरांतली ही यादी वाचायला मला सासूबाईंचं भिंग लागलं. त्या भिंगाच्या निमित्तानं त्यासुद्धा टेबलाशी येऊन बसल्या आणि "यात मासा किती टक्के गं?" असं विचारू लागल्या. एका 'फिश' लिहिलेल्या पाउचमध्ये तो चार टक्के होता. त्यावर त्यांनी जे म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

घरीच शिजवावं हा विचारही आला. उकडलेलं चिकन, थोडा भात, अंड्याचा पांढरा. पांढऱ्यात उत्तम प्रथिनं असतात आणि फॉस्फरस नावापुरता. तो सगळा पिवळ्यात असतो. मांस उकडून ते पाणी फेकलं तर त्यातलाही थोडा फॉस्फरस जातो. हे सगळं खरं, पण एवढ्यावर मांजर महिनोन् महिने जगू शकत नाही. कॅल्शियम, टॉरिन, जीवनसत्त्वं मोजून घालावी लागतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकांनी किडनीच्या कुत्र्या-मांजरांसाठीच्या साठहून जास्त घरगुती पाककृती तपासल्या आणि २०१२ साली निष्कर्ष छापला. सगळे घटक पुरेसे देणारी एकही पाककृती त्यात निघाली नाही. प्राण्यांच्या आहारतज्ज्ञाकडून आपल्याच मांजरासाठी पाककृती बनवून घेतली तर घरचं अन्न नक्की चालतं. ती माझ्या आवाक्यातली गोष्ट नव्हती. घरचा पदार्थ वरून चव आणायला, आणि दिवसाच्या कॅलरींच्या दहाव्या हिश्शापुरता, अशी मर्यादा आम्ही ठरवली.

अन्न ठरलं, आता ते तिच्या गळी उतरवायचं. मांजराची आवड पिल्लूपणीच पक्की होते. म्हातारं मांजर नवं अन्न सहजी घेत नाही. त्यात दोन गोष्टी जिवावरच्या. मळमळत असताना किंवा दवाखान्यात ॲडमिट असताना नवं अन्न पुढे केलं तर मांजर त्या वासाचा आणि त्रासाचा संबंध कायमचा जोडतं, नंतर बरं वाटलं तरी त्या अन्नाला शिवत नाही. आणि 'भूक लागली की खाईल' हा माणसांच्या पोरांना लावायचा नियम मांजराला लावता येत नाही. दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही की अंगातली चरबी यकृतात साठू लागते आणि त्यात मांजर दगावतं. म्हणून मळमळीची खूण आधी शिकून घेतली. भांड्याशी यायचं, वास घ्यायचा, ओठ चाटत गिळायचं आणि मान फिरवून निघून जायचं. नुसता नखरा असेल तर ओठ चाटणं नसतं, ती फक्त माझ्याकडे बघून ओरडते.

बदलासाठी मुहूर्त सासूबाईंनी काढला आणि तो अगदी अचूक होता. "श्रावणात कर," त्या म्हणाल्या. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी, बाजारात मासळी कमी आणि महाग. त्याला लागून श्रावण, आणि आमच्याकडे गणपती जाईपर्यंत मासळी शिजत नाही. म्हणजे घरात बांगड्याचा वासच नाही. समोर तळणीचा वास दरवळत असताना तिच्यापुढे मूत्रपिंडाचं पाउच ठेवणं म्हणजे लग्नाच्या पंगतीत मधुमेही माणसाला कारल्याचा रस देण्यासारखं झालं असतं.

सुरुवात नखभर केली. जुन्या अन्नाची वाटी जशीच्या तशी, तिच्या शेजारी दुसऱ्या बशीत नव्या पाउचचा एक चमचा. खाल्लं तर खाल्लं. ती आधी त्या बशीभोवती फरशी उकरायची, म्हणजे ते पुरण्यालायक आहे असं तिचं मत. पुढे एकदा चाटलं. मग जुन्यात थोडं नवं मिसळलं, आठवड्यागणिक प्रमाण वाढवत नेलं. फ्रीजमधून काढलेलं थंड अन्न तिनं कधीच खाल्लं नाही. म्हाताऱ्या मांजराचं नाक मंद होतं, थंड अन्नाला वासच येत नाही. वाटी कोमट पाण्याच्या पातेल्यात ठेवून अन्न अंगाइतकं ऊन केलं की ती लांबून मान वर करायची. खोलगट वाटीऐवजी चहाची पसरट बशी घेतली. पाउचमध्ये दोन चमचे कोमट पाणी कालवलं, त्यामुळे दुसऱ्या ओळीची सोय झाली. बादलीही तिथेच राहू दिली, शिवाय घरात आणखी दोन ठिकाणी रुंद भांडी ठेवली. पाउचचा एकच प्रकार मात्र तिनं ठामपणे नाकारला. त्याच कंपनीचं दुसऱ्या पोताचं, रस्सेदार, तिनं स्वीकारलं. घटक जवळजवळ तेच, फक्त पहिलं दाबून घट्ट केलेलं होतं. म्हणून मी सगळ्यांना सांगते, पूर्ण खोका घेऊ नका, आधी एकेक पाउच आणून बघा.

रोज वजन करणं निरर्थक, पण दर रविवारी करायचं ठरवलं. भाजीवाल्याकडे असतो तसला छोटा इलेक्ट्रॉनिक काटा घेतला, तिला बास्केटमध्ये बसवून मोजायची आणि आकडा वहीत. माणसांच्या वजनकाट्यावर शंभर ग्रॅमचा फरक भरवशानं कळत नाही, आणि ठकीच्या बाबतीत शंभर ग्रॅमलाच किंमत आहे.

गणपती गेले आणि घरात पुन्हा मासळी आली. पहिल्याच दिवशी ठकी ओट्याखाली येऊन बसली आणि तिनं पाउचकडे पाठ फिरवली. संध्याकाळपर्यंत काही खाल्लं नाही. सासूबाई माझ्याकडे बघेनात आणि मी त्यांच्याकडे. डॉक्टरांना फोन केला, तर ते हसले. "मग द्या की मासळी. पण तिची वेगळी." त्यांच्या सांगण्यावरून आम्ही सुरमईचा काटा काढलेला तुकडा, मीठ-मसाल्याशिवाय उकडून, पाणी टाकून, पंधरा ग्रॅम मोजून पाउचवर कुस्करायला लागलो. आमच्या कोळीण मावशींना हे सांगितलं तेव्हा त्यांना फार मौज वाटली. "ताई, तुमची मांजर सुरमई खाते नि तुम्ही बांगडा नेता!" तेव्हापासून त्या सुरमईची एक पातळशी तुकडी आमच्यासाठी वेगळी ठेवतात.

हिशेब असा बसला. ठकीला दिवसाला साधारण १८० कॅलरी लागतात. किडनीचं एक पाउच, सकाळ-संध्याकाळ अर्धं अर्धं, ते सुमारे ८०. किडनीचेच दाणे वीस ग्रॅम, तेही सुमारे ८०, रात्री तिच्या सोयीनं खाण्यासाठी. आणि सुरमई किंवा एखाद दिवशी उकडलेला अंड्याचा पांढरा, मिळून अठरा-वीस. पूर्ण पाउचवर ठेवणं पाण्याच्या दृष्टीनं अधिक चांगलं झालं असतं. पण एक पाउच शंभर रुपयांच्या वर जातं, दिवसाला दोन-अडीच लागली असती, आणि हे खाणं महिना-दोन महिन्यांचं नाही, तिच्या उरलेल्या आयुष्याचं आहे. दोन वर्षांनी परवडेनासं होऊन बंद पडणाऱ्या उत्तम व्यवस्थेपेक्षा शेवटपर्यंत चालणारी बरी व्यवस्था आम्ही निवडली. डॉक्टरांनाही ती मान्य झाली.

तीन महिन्यांनी रक्त तपासलं. फॉस्फरस ४.२ वर आला होता. क्रिएटिनिन २.० ते २.२ च्या दरम्यान घुटमळत होतं, आणि या आजारात घुटमळणं ही चांगली बातमी. वजन ३.५. फॉस्फरस खाली आला नसता तर अन्नात मिसळायचं फॉस्फरस बांधणारं औषध सुरू करावं लागलं असतं, ते वाचलं. डॉक्टरांनी कॅल्शियमही तपासायला लावलं, कारण सुरुवातीच्या टप्प्यात फॉस्फरस फारच कमी असलेलं अन्न दिलं तर काही मांजरांच्या रक्तात कॅल्शियम वाढतं. तसं झालं तर थोडा जास्त फॉस्फरस असलेल्या अन्नावर यावं लागतं. ठकीचं ठीक होतं. पोटॅशियमही. आता दर तीन-चार महिन्यांनी हे आकडे बघायचे आणि अन्नाचा फेरविचार करायचा. दुसऱ्या टप्प्याला लागू पडलेलं अन्न तिसऱ्या टप्प्यात जसंच्या तसं चालेलच असं नाही.

ओळखीच्या एक-दोघांकडे असंच म्हातारं मांजर आहे आणि ते मला विचारतात की नेमकं कुठलं अन्न घ्यायचं. मी नाव सांगत नाही. रिपोर्टमधला फॉस्फरस किती, लघवीतून प्रथिनं जातात का, तोंड बघितलं का, हे आधी विचारते. फॉस्फरस मुळातच कमी असेल आणि मांजर खंगलेलं असेल, तर डॉक्टर त्याला किडनीचं अन्न लगेच न देता साधंच चांगलं ओलं अन्न सांगू शकतात. मांजर फक्त दाण्यांवर वाढलेलं असेल आणि ओल्याला शिवत नसेल, तर किडनीचे दाणे आणि घरभर पाण्याची भांडी हेच त्याचं पथ्य. एका घरात दोन मांजरं असली तर वाट्या वेगळ्या, वेळा वेगळ्या. तरुण मांजराला किडनीचं अन्न कायम पुरत नाही, आणि म्हातारं तरुणाच्या ताटलीत तोंड घालणारच. आणि कुठल्याही प्रकारात मांजर चोवीस तास उपाशी राहिलं, तर पथ्य बाजूला ठेवून ते जे खाईल ते द्यायचं आणि डॉक्टरांना फोन करायचा.

पुढच्या टप्प्याबद्दल आमच्या घरात एकदा नीट बोलणं झालं आहे. हा आजार बरा होत नाही, सावकाश पुढे सरकतो एवढंच. एक दिवस असा येईल की ती पाउच, दाणे, अंडं, सगळ्यालाच नाही म्हणेल आणि मळमळीचं व भुकेचं औषध देऊनही खाणार नाही. त्या दिवसानंतर फॉस्फरस मोजायचा नाही, असं आम्ही ठरवलं आहे. तेव्हा तिला हवा असेल तर बांगडा मिळेल. नवऱ्यानं विचारलं, "मग आत्ताच का नाही?" उत्तर सासूबाईंनीच दिलं. "आत्ता अजून तिला जगायचंय रे." पुढच्या रविवारी वजन ३.५२ भरलं. आकडा त्यांनीच वहीत लिहिला.